हंगामाचा पहिला पाय

आये, काल सकाळी मी चिखलात उतरले. हे तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून रोह्याच्या घरात खिडकीपाशी उंच खुर्चीत लिहायला बसलेय. खाली बसायला मला डॉक्टरांची बंदी आहे. मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, पाटाचं तर नावच नको. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मंग जेवतंस कशी गो, उभ्यानी?" टेबलावर जेवते, आये. साहेबासारखी.

तू मला अजून त्या वाफ्यातच दिसतेस. पेणच्या खाडीकडचं आपलं मिठागर. पाऊस सरलाय, वाफ्यांतलं पाणी काढून टाकलंय, तळाचा चिखल काळा आणि मऊ पडलाय. तुम्ही बायका एका ओळीत उभ्या आहात, एकमेकींच्या कमरेला हात, लुगडी वर खोचलेली, आणि सगळ्यांची पावलं एकदम पडतायत. थप, थप. तळ पायांनी तुडवून घट्ट नाही केला तर मीठ मातकट येतं, हे मला चालायला लागण्याआधीपासून ठाऊक असावं. मी तुझ्या आणि काकीच्या मधे आहे. "पाय नुसता ठेवू नको गो, बशीव त्याला. आख्खा तळवा," तू म्हणतेस. ऊन वर येतं, ओळ आडवी सरकत जाते, आणि थोड्या वेळाने आपण सरकतोय की खाडीच सरकतेय ते मला कळेनासं होतं. आपल्या घरची रीत अशी की हंगामाचा पहिला पाय घरच्या लेकीचा. लग्न होऊन गेली असली तरी तिला बोलावून आणायचं, तिने पाय ठेवायचा, मग बाकीच्यांनी उतरायचं. मी पाय ठेवला की तू नाकात बोलल्यासारखं "हां" म्हणायचीस. तेवढंच. कौतुक करायची तुझी पद्धत नव्हतीच.

संध्याकाळी चुलीपुढून उठताना तू दाराची चौकट धरायचीस. "वारा धरलाय," म्हणायचीस. मग तव्यावर मीठ तापवायचं, फडक्यात बांधायचं आणि मी तुला शेक द्यायचा. "आजून वर. तिकडं नाय गो, खुब्यात." आपलंच मीठ, आपल्याच पायांनी पिकवलेलं. शेवटची वर्षं तू घरभर बसून सरकत राहिलीस आणि आम्हाला वाटलं, वय झालं की असंच व्हायचं. खुबा बदलता येतो हे आपल्या गावात तेव्हा कुणाला ठाऊक होतं?

मग तेच माझ्या वाट्याला आलं. कंपनीतल्या शिफ्टवाल्यांचे डबे करता करता ओट्यापाशी एकदा अशी कळ आली की मी चौकट धरली, आणि तोंडातून जो आवाज निघाला तो तुझाच. मी दचकून मागे वळून पाहिलं, खरंच. त्यानंतर तू माझ्याबरोबरच राहायला आलीस म्हण ना. जिना चढताना तू, एसटीच्या पायरीवर तू, कूस बदलताना तू. दोन हंगाम मी बांधावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून राहिले आणि माझ्याऐवजी वहिनीने पहिला पाय ठेवला. वहिनी गुणाची आहे, पण तिचा पाय चिखलात पडताना मी खुर्चीत बसल्या बसल्या माझा तळवा बांधावर दाबायचे. दुसऱ्या वर्षी भाऊ म्हणाला, "बाय, आता दरसाल हिलाच ठेवू दे पाय. तुला कशाला तरास." माझ्या भल्यासाठीच बोलला बिचारा. पण ते 'दरसाल' मला असं झोंबलं की घरी आल्या आल्या मी नवऱ्याला सांगितलं, मला खुबा बदलायचाय.

डॉक्टरांनी विचारलं, "बरं झाल्यावर काय काय करायचंय?" बाकीचे लोक देवदर्शन सांगत असतील, नाहीतर नातवंडं. मी म्हटलं, चिखल तुडवायचाय. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ऑपरेशननंतर शुद्धीवर आले तेव्हा दोन्ही पायांच्या मधे उशी होती आणि खिडकीबाहेर उन्हाने सगळं पांढरं पांढरं. मला वाटलं, मीठ काढायला झालंय आणि मी झोपूनच आहे. पुढे घरी व्यायाम शिकवायला एक पोरगी यायची. "आजी, टाच आधी टेका, मग पंजा. असा पाय आपटू नका!" आजी कोणाला म्हणतेस गो, असं मी तिला सुनावलं. पण चूक माझीच होती. वॉकर धरून मी घरात वाफा तुडवत होते, आख्खा तळवा टेकत, तेही आडवी सरकत. टाच आधी टेकायला मी या वयात शिकले, आये.

काल एसटीने नागोठण्यावरून पेणच्या रामवाडी स्टँडवर आले. भाऊ रिक्षा घेऊन आला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, निसरडं आहे, दोन्हीकडून धरूनच उतरायचं, आणि थोडा वेळच. एका बाजूने वहिनी, दुसरीकडून भाऊ. भाऊ म्हणाला, "बाय, नको वाटला तर नको." मी म्हटलं, गप बस. आणि उजवा पाय ठेवला. गार चिखल बोटांमधून वर आला. मी पाय बसवला, आख्खा, मग दुसरा. वहिनीने माझ्या कमरेला हात घातला आणि आम्ही सरकायला लागलो. थांबा, पुरे, असं भाऊ म्हणत राहिला आणि मी ऐकलं नाही. मी हसत होते म्हणे. वहिनी सांगत होती.

हे काही तुला पोचायचं नाही, म्हणूनच सांगून टाकते. नंतर बांधावर पाय धुताना तू आठवलीस, तेव्हा लक्षात आलं की चिखलात होते तोवर तू मनात आलीच नव्हतीस. इतकी वर्षं पाऊल टाकलं की दुखायचं आणि दुखलं की तू असायचीस. काल काहीच दुखलं नाही. आणि आये, मला फार बरं वाटत होतं.