फळीवरची जागा

१८ मे

लेथ आला! दोघांनी उचलून आणला आणि उंबऱ्यापाशी थांबले. बूट काढायचे तर खरे, पण हातात एवढं वजन — काढणार कसे? मी खाली बसून दोघांच्या नाड्या सोडल्या. ओगुरा, जुन्या यंत्रांचा दुकानदार, मागून सूचना देत होता. त्याने स्वतः काहीच उचललं नव्हतं.

खालच्या खोलीत ठेवला, जिथे आईचं अंथरूण असायचं. धातू कातायचं यंत्र, शिवणाच्या मशीनपेक्षा जरा मोठं, हिरवं. ओगुराने विचारलं, यावर काय करणार? भोवरा, म्हटलं. तो हसला नाही. "एकच?" एवढंच म्हणाला.

१९ मे

हे कशासाठी, ते एकदा लिहून टाकते. पुन्हा लिहायला नको.

वॉर्डाच्या पत्रकात फोटो होता. मिझोबाता कारखाना. वडील वारल्यावर आता तेप्पेइ मिझोबाता मालक. मागच्या भिंतीवर लांब फळी, तिच्यावर ओळीने छोटे धातूचे भोवरे, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. दर नोव्हेंबरात कारखाना लोकांना खुला असतो. कोणीही यावं, स्वतः कातलेला भोवरा आणावा, नाण्याहून मोठा नसावा. नवख्याची पहिली लढत मालकाशी. हरणाऱ्याने आपला भोवरा जिंकणाऱ्याला द्यायचा. मालक सहसा हरत नाही, म्हणून फळी भरलेली.

तेप्पेइ माझा मुलगा. तो चार वर्षांचा असताना मी त्या घरातून निघाले. मुलगा त्यांच्याकडे राहील असं ठरलं — कारखान्याला वारस हवा होता. तेप्पेइ नाव आजोबांनी ठेवलेलं, त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ लोखंड. वाढदिवसाची पत्रं न फोडता परत यायची. पाकिटावर सासूबाईंचं वळणदार अक्षर. पुढे मी पाठवणं थांबवलं.

आई म्हणून दारात उभी राहिले तर ते उघडायचं की नाही हे त्याला ठरवावं लागेल. ते ओझं त्याच्यावर का घालायचं? नवखी म्हणून गेले तर दार उघडंच आहे. मी हरेन. त्या फळीवर माझं काहीतरी राहील. तो येता-जाता त्याच्यावरची धूळ पुसेल.

२५ मे

ग्रीस! फटीफटीत पिवळं, घट्ट झालेलं ग्रीस. हिवाळ्यातलं स्टोव्हचं रॉकेल उरलं होतं, त्यात ब्रश बुडवून दुपारभर घासलं. शेजारच्या तोकिकोने भिंतीपलीकडून कळवलं की वास तिच्या दुकानात शिरतोय, गिऱ्हाइकांना तिची ओकोनोमियाकी, ती कोबीची जाड पोळी, रॉकेलवर भाजल्यासारखी लागतेय. संध्याकाळी स्वतःच एक घेऊन आली, कोबी जास्त घातलेली, आणि यंत्राभोवती फिरली.

"या वयात बायका फुलं मांडायला शिकतात," म्हणाली. "नाहीतर कोरियन मालिका बघतात. तुला काय धाड भरली?"

मी खात राहिले.

१ जून

पातळी लागत नाही. लेव्हलमधला बुडबुडा सारखा खिडकीकडे पळतो. खाली पुठ्ठा घातला, फळीचे तुकडे घातले. सकाळी सरळ, दुपारी पुन्हा वाकडं. शेवटी ओगुराला फोन. तातामीवर ठेवलाय, म्हटलं.

"बाई, तातामी म्हणजे गवताची गादी. गादीवर लेथ झोपेल. चालणार कसा?"

ताताम्या काढल्या. खाली फळ्या, फळ्यांखाली तुळई. जाड लाकडाचं टेबल बरोबर तुळईवर येईल असं बसवलं. तोकिकोचा पुतण्या आणि त्याचा मित्र येऊन लेथ वर चढवून गेले. बुडबुडा मधोमध.

खोली उघडी पडल्यासारखी दिसते. आईची क्षमा मागितली.

७ जून

चक फिरला — कांडी पकडणारा जबडा. मोठ्या पातेल्यात भात शिजताना झाकण थरथरतं तसा आवाज. धातू नाही लावला, नुसताच फिरवला. खूप वेळ बघत बसले.

८ जून

पहिला काप. पितळेची कांडी. सुती हातमोजे घातले होते — मी काम करते त्या शाळेच्या स्वयंपाकघरात गरम भांड्याला हात लावायचा तर घालतोच. ओगुरा बेल्ट द्यायला आला होता, त्याने दारातूनच मुख्य बटण बंद केलं.

"बोटं नकोशी झाली असतील तर तसं सांगा," म्हणाला. "हातमोजा आधी अडकतो. मागून हात जातो."

त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी हातमोजे काढून खिशात घातले. नंतर त्याने चहा घेतला.

१५ जून

चक आवळायची चावी चकातच राहिली, बटण दाबलं. चावी शोजीच्या, सरकत्या दाराच्या, कागदातून आरपार. भोकावर कागदाचं फूल कापून चिकटवलं. माझ्या डोक्याऐवजी दार गेलं, हे बरं.

२९ जून

दमट. सकाळी पुसलेल्या लेथच्या पट्ट्यांवर संध्याकाळी तांबूस ठिपके. तेल, पुन्हा तेल. उशीलाही तेलाचा वास. मिझोबातांच्या घरात हा वास होताच. तेव्हा मला आवडत नसे. अंघोळीनंतरही तेप्पेइच्या केसांना तो यायचा. आजोबा त्याला मांडीवर घेऊन यंत्रापाशी बसत.

६ जुलै

पितळेचा कीस सुयांसारखा उडतो. मोज्यातून टाचेत गेला. चिमट्याने काढता काढता तोकिकोला हाक मारावी लागली.

"बूट घाल की."

घरात?

"ही खोली आता घर नाही राहिली. रस्ता समज."

जमत नाही! बूट घालून आत पाऊल टाकायचं म्हणजे आईच्या अंगावर पाय दिल्यासारखं. शेवटी शाळेच्या स्वयंपाकघरातले जुने पांढरे गमबूट धुऊन आणले, मुळे चिरताना घालते ते. ते रस्त्याचे नाहीत. दाराशी घालते, दाराशी काढते.

२० जुलै

कापाच्या मधोमध दरवेळी बारीकसा कोंब उरतो. कितीही कापा. आता कळलं — कापणारं टूल मध्यापेक्षा खाली आहे. त्याच्याखाली पातळ पत्रा घालायचा. चहाचा डबा कापला. एक पट्टी कमी पडली, दोन जास्त झाल्या. शेवटी एक पट्टी आणि एक कागद. कोंब गेला! तोंड आरशासारखं नाही, पण सपाट. बोट फिरवलं तर अडखळत नाही.

१४ ऑगस्ट

ओबोन. आईच्या फोटोपुढे कलिंगडाची फोड ठेवली. मशीन बंद. पितरांना आवाज नको.

आई म्हणायची, पोरगा मोठा झाला की स्वतः शोधत येईल. दर वर्षी म्हणायची. शेवटच्या वर्षी म्हणाली नाही.

३१ ऑगस्ट

भोवरा झाला — आणि कांडीपासून कापून सुटा होताच उडाला आणि किसात पडला. शोधून काढला. फिरवला तर दारुड्यासारखा डोलला. दांडी वाकडी.

७ सप्टेंबर

आजचाही डोलतो.

१४ सप्टेंबर

तोकिकोचं दुकान बंद असताना आत बसले होते. ती तवा खरवडत होती. मान वर न करता विचारलं, कोणासाठी करतेयस? कोणासाठी तरी असल्याशिवाय माणूस एवढं घासत नाही.

सांगितलं. सगळं. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"हरायलाच जायचंय, तर कसाही कर. वाकडा असला तर लवकर हरशील."

"वाकडा भोवरा तो फळीवर ठेवेल का?"

तिने तव्यावर पाणी ओतलं. मी निघताना ती म्हणाली, त्या दिवशी मीही येते. दुकान बंद ठेवीन. गिऱ्हाइकं उपाशी मरत नाहीत.

५ ऑक्टोबर

नावनोंदणीचं पोस्टकार्ड. नाव, पत्ता, धातू. खोटं नाव लिहिणार होते. तोकिकोचं आडनाव चाललं असतं. पण फळीवरच्या चिठ्ठीत तेच येणार — मग तिथे राहणार कोण? खरं लिहिलं. सुमिए कुवाशिरो. त्या घरात माझं माहेरचं आडनाव कोणी उच्चारलं नसणार. तो वाचेल आणि पुढचं पोस्टकार्ड उचलेल.

पेटीत टाकल्यावर परत घ्यावंसं वाटलं. पेटीच्या फटीत बोटं घालून पाहिली. अशी मी!

१९ ऑक्टोबर

फिरला! ताटाच्या पाठीवर सोडला आणि उभा राहिला, इतका स्थिर की थांबलाय असं वाटलं. वजन खाली ठेवलं, दांडी आखूड केली. बाजूला कान लावला. आवाजच नाही. मी स्वयंपाकघरात गेले, केटल ठेवली, परत आले. अजून फिरत होता.

त्याच्या हातात कसा वाटेल हा? जड वाटेल. पितळ हातात लवकर गरम होतं.

३ नोव्हेंबर

गेले होते. आले.

कारखाना आतून बदललाय, छप्पर तेच. फळी फोटोतल्यापेक्षा लांब आहे. चिठ्ठ्यांवर अक्षर त्याचं असावं, साधं, सरळ. शेवटी एक मोकळी जागा होती. मी ती बघून ठेवली.

माझं नाव पुकारलं. तोकिकोने पाठीत ढोसलं. तो समोर आला, वाकून नमस्कार केला. मीही. कान माझ्या वडिलांचे आहेत. बाकी कोणासारखा आहे ते बघायला मान वर करवली नाही.

माझा भोवरा त्याने तळहातावर घेतला — घेतला तरी! — आणि उलटासुलटा करून पाहिला.

"कुठे कातलात?"

घरी, म्हटलं. खालच्या खोलीत. ताताम्या काढून.

"मग खालून गार वारा येत असेल. पायाखाली फळी घ्या. गुडघे धरतात."

हो, म्हटलं. एवढंच. इतकी वर्षं मनात बोलत आलेय त्याच्याशी.

उथळ वाडग्यात दोघांनी एकदम सोडायचे, दोनदा जिंकेल तो जिंकला. त्याचा स्टीलचा, चकचकीत. सुटल्या सुटल्याच भरकटायला लागला, कडेला गेला आणि पडला. लोक हसले. म्हातारा मुकादम म्हणाला, मालक, सकाळी जेवला नाहीत का? दुसऱ्यांदाही तेच. माझा मधोमध उभा. पड, म्हणत होते मी त्याला. मनातल्या मनात, सारखी. पडला नाही.

त्याने दोन्ही हातांनी आपला भोवरा पुढे केला. मी हात मागे घेतला. म्हटलं, राहू दे, माझाच तुम्ही ठेवून घ्या, तिथे जागा आहे.

"फळीवर हरलेल्यांचे असतात," तो म्हणाला. आणि मग, जरा हळू, "घ्या. नियम आहे."

घेतला. त्याची बोटं गार होती. पुढचं नाव पुकारलं गेलं.

परत येताना तोकिकोने स्टेशनवर तिकिटं काढली. फलाटावर म्हणाली, एवढा चांगला करायला कोणी सांगितलं होतं तुला? आणि मग माझ्या गळ्यातला स्कार्फ नीट केला.

४ नोव्हेंबर

कामावर गेले. मुळे चिरले. माझा भोवरा माझ्याच घरी आहे.

१० नोव्हेंबर

आठवडाभर त्याचा भोवरा कोटाच्या खिशातच होता. आज काढला. इतकं गुळगुळीत मला कधी जमणार नाही. उलटा केला, दिव्याखाली धरला. मग आईचं भिंग आणलं.

भोवऱ्याची आर चपटी आहे. झिजलेली नाही — घासलेली. लेथवर रेघा गोल उमटतात. या सरळ आहेत, एकाच दिशेच्या, ताज्या. कानस हातात धरून मारलेल्या. अशा आरीवर भोवरा भरकटणारच.

समोर कोण उभं राहणार, हे त्याला माहीत होतं.