दोन सेंटिमीटरच्या आत

३ नोव्हेंबर

एल्सबर्गला पोचले. पिकअपमध्ये सामान फारसं नव्हतंच. दोन बॅगा, पुस्तकांची खोकी आणि ऑरिनची लोकरी टोपी. ती मी पुढच्या सीटवर, शेजारी ठेवली होती. डॅग्नी हाउगे नावाच्या बाईंच्या बेकरीवरची खोली मिळाली आहे. खाली भट्टी पेटली की माझ्या पायाखालच्या फळ्या कोमट होतात. मिनेसोटाच्या हिवाळ्यात याहून मोठं सुख नाही. दारातच डॅग्नीने दटावलं, ‘अगं, सामान कुठं पळतंय? आधी कॉफी पी, गार होईल.’ खूप दिवसांनी हसले.

ऑरिनला, माझ्या नवऱ्याला, जाऊन दीड वर्ष झालं. बूट बांधताना तो दातांतून शीळ घालायचा. त्या सकाळी शीळ मध्येच थांबली आणि मी स्वयंपाकघरातून विचारत राहिले, पुढचं कडवं विसरलास का म्हणून. त्यानंतर वाचनालयातली पुस्तकं आणून एकटीने दवाखान्याच्या बिलांना कोड लावायचं काम शिकले. परीक्षा दिली. पहिली नोकरी इथे, डॉक्टर सेव्हरसन यांच्या दवाखान्यात.

६ नोव्हेंबर

डॉक्टर सेव्हरसन फक्त चेहऱ्यावरच्या आणि डोक्यावरच्या लहान गाठी काढतात. गोरे, मऊ हातांचे, हळू बोलणारे. त्यांनी टिपण लिहायचं, ते वाचून मी कोड लावायचा, मग बिल विमा कंपनीकडे. अशा गाठींना चारच कोड. कातडीखालची, दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर २१०११. त्याहून मोठी असेल तर शेवटी बारा. खोल, स्नायूवरच्या पडद्याच्याही खाली असेल तर तेरा आणि चौदा. इथे सगळ्यांना अकराच लागतो. मोठी गाठ डॉक्टर घेतच नाहीत. नर्स बर्निस म्हणाली, मोठीला विमावाले शहरातल्या प्रयोगशाळेचा अहवाल मागतात, कोण त्या भानगडीत पडणार? वर मला टोमणाही मारला, की चार आकडे पाठ करायला तुला परीक्षा लागली होय गं? या गावात कुणीही टोपी काढू दे, केसांच्या कडेला खूण दिसेलच, म्हणाली.

मागच्या खोलीत काचेच्या बाटल्यांचं कपाट आहे. काढलेल्या गाठी त्यात.

१४ नोव्हेंबर

डॅग्नीचा मुलगा लाइफ चार वर्षांपूर्वी तळ्याच्या बर्फातून खाली गेला. भिंतीवर फोटो आहे, हातात मासा धरून हसणारा. पावाला लोणी लावता लावता तिने हे सांगितलं. हवेबद्दल बोलावं तसं. तेव्हा डोक्यावर गाठ आली होती, डॉक्टरांनी काढली आणि हलकं हलकं वाटलं, म्हणाली. हल्ली पुन्हा तिथेच हाताला लागते आहे. परवा तिला रडताना पाहिलं. पीठ मळता मळता.

खोटं कशाला लिहू? तिच्या त्या हलकेपणाचा मला हेवा वाटला.

२० नोव्हेंबर

डॅग्नीची गाठ दुसऱ्यांदा काढली. टिपणात गाठीची खोली लिहिलेली नव्हती. अशा वेळी डॉक्टरांना विचारायचं असतं, पण उत्तर सुचवायचं नसतं. ‘गाठ किती खोल होती?’ एवढंच. आमच्या कामातला हा पहिला धडा. मी घाईत होते. लिहून बसले, ‘स्नायूच्या पडद्याखाली होती का?’

डॉक्टर स्वतः माझ्या टेबलापाशी आले. खूश होते. म्हणाले, ‘नव्हती, मार्लिस. मी तिथवर गेलोच नाही. म्हणून तर गाठी परत येतात! इतकी वर्षं हे कसं सुचलं नाही मला?’ आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

१ डिसेंबर

आता डॉक्टर पडद्याखाली जातात. सगळ्यांना तेरा.

डॅग्नीलाही पुन्हा टेबलावर घेतलं होतं. आज खाली गेले तर तिने लाइफचा फोटो उतरवून ठेवलेला. मी विचारलं. ती हसली. ‘फ्रेम विकत घेतो ना, त्यात आधीच घातलेला असतो तसला पोरगा आहे गं तो. काढायचाच राहिला होता.’ फोटो तिने कचऱ्यात टाकला, फ्रेम पुसून ठेवली.

मी फोटो वर आणला आहे. माझ्यामुळे झालं हे. मी तो प्रश्न लिहिला नसता तर ती रडली असती, पण तिला मुलगा राहिला असता.

५ डिसेंबर

बर्निसला विचारलं, गाठी प्रयोगशाळेत का जात नाहीत. ती म्हणाली, चरबी असती तर पाठवली असती. तिच्या बोटात लग्नाची अंगठी आहे. मी तिकडे बघते आहे हे पाहून तिने ती फिरवली आणि म्हणाली, ‘निघतच नाही मेली. कुणी घातली देव जाणे.’

कपाट उघडलं. डॅग्नीच्या नावाची बाटली हातात घेतली. खोलीत दातखीळ बसावी अशी थंडी, आणि काच कोमट होती.

९ डिसेंबर

केस विंचरताना हाताला लागली. डाव्या कानामागे, वाटाण्याएवढी. ऑरिन नेमका तिथे हनुवटी टेकायचा.

कुणाला सांगायचं नाही. त्याची टोपी घालून कामाला जाते. शुक्रवारी पगार झाला की इथून निघायचं.

१२ डिसेंबर

बर्फाने हमरस्ता बंद. पिकअप चाकांपर्यंत गाडली गेली आहे.

बर्निसने कौतुकाने टोपी उचलली आणि ओरडली, ‘डॉक्टर, हिलाही आहे हो!’ डॉक्टरांनी अंगठ्याने दाबून पाहिलं. अजून लहान आहे, सोमवारी काढू, म्हणाले. दुखलं. दुखलं तेव्हा ऑरिन डोळ्यांसमोर आला, इतका स्पष्ट, की दाढीतला पांढरा केस दिसला.

मग सुचलं. मोठी गाठ ते घेत नाहीत. दोनच्या वर गेली पाहिजे.

१३ डिसेंबर

दिवसभर त्याला आठवते आहे. ठरवून. कलिंगडावर मीठ घालायचा. गुरांशी बोलताना आवाज खाली आणायचा. चर्चच्या तळघरात जेवण असलं की ओव्हनमध्ये भाजलेल्या हॉटडिशचा करपलेला कोपरा माझ्या ताटात ढकलायचा. आठवलं की गाठ ठणकते. ठणकली की वाढते. शिवणाची टेप लावून बघते आहे. आता दीड.

१४ डिसेंबर

शीळ. पूर्ण आठवली. थांबली तिथपर्यंत. रडून उशी भिजली. एवढं बरं कधी वाटलं नव्हतं.

दोनच्या वर गेली.

१५ डिसेंबर

डॉक्टरांना सांगितलं, मोजून बघा, आता शहरातच न्यायला हवी. त्यांनी मोजली. मान हलवली. किती मायेने बोलले — विमा कंपनीचा प्रश्नच येत नाही, मार्लिस. तुम्ही आमच्या. तुमचं बिल करायचं नाही. कोडही लावायचा नाही.

कोड नाही म्हणजे आमच्या हिशेबी ते घडलंच नाही. कुणी विचारणार नाही. मी दाराकडे — बर्निस दारातच उभी —

कशीबशी सुटून खोलीवर आले. जिन्यावर पावलं. डॅग्नी कॉफी घेऊन आली आहे. गार होईल, आधी पी, म्हणते. खाली डॉक्टर थांबलेत, म्हणते. हसते आहे —

ऑरिन ट्वाइट. उंच. शीळ घालायचा. माझा नवरा. लिहून ठेवते. माझा नवरा. माझा —

१९ डिसेंबर

डोकं हलकं आहे. झोप छान लागली. बर्फ थांबलं.

खुंटीवर पुरुषाची टोपी आहे. आधीच्या भाडेकरूची असावी. डॅग्नीला देऊन टाकली. टेबलावर मासा धरलेल्या मुलाचा फोटो, तोही.

मागची पानं चाळली. अक्षर माझं आहे. ऑरिन म्हणून कुणी आहे त्यात. कुणाचं तरी टिपण वाचावं तसं वाटलं. माणूस बरा असावा.

२० डिसेंबर

कपाट पुसायला सांगितलं होतं. माझ्या नावाची बाटली आहे. इतरांपेक्षा मोठी. कोमट. खोलीवर का आणली, सांगता येत नाही. खाली ठेववत नाही. एका हाताने लिहिते आहे.

आत्ता कानाशी धरली. आत शीळ — दातांतून घातल्यासारखी — ओळखीची नाही, पण मध्येच थांबली आणि माझ्याच तोंडून पुढचं कड