कासवाच्या घशातला गळ

मी, मासे धरायचे गळ बनवणारा, बाजारात 'गळवाले काका' म्हणून ओळखला जाणारा, वय वर्षे शहात्तर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. मुलाला शंका असेल तर माझ्या हयातीत त्याने मला तारेचे नंबर विचारून पाहावेत.

१. राहतं घर मुलाला आणि सूनबाईला मिळून देतो. सूनबाईच्या सहीशिवाय ते विकता येणार नाही. मुलगा उतावळा आहे, ती नाही.

२. खालचा कारखाना, भट्टी आणि सगळी हत्यारं मुलाला, पण एका अटीवर. गळाला उलटा दात पाडायचा साचा त्याने महिन्याच्या आत घणाने फोडावा आणि स्टीलची तार पुन्हा आणू नये. साध्या लोखंडाचे, बिनदाताचे गळ करावेत. दोरी तुटून गळ माशाच्या तोंडात राहिलाच, तर तो गंजून कधीतरी पडेल. मुलगा म्हणतो, "बाबा, गिऱ्हाईक पळेल." पळू दे. मासाही पळेल. अट मोडली तर सगळं भंगारात विकून पैसे प्राण्यांच्या दवाखान्याला द्यावेत.

३. याचं कारण लिहिणं भाग आहे. न गंजणारा गळ ही माझी करामत. 'लागला की सुटत नाही' ही दुकानाची पाटी मी चाळीस वर्षं मिरवली. माझी मुलगी प्राण्यांची डॉक्टर. पायाला दोरी आवळून पाय सडलेला बगळा, आमिषाच्या वासाने गळ गिळलेलं कुत्रं, असं काहीबाही रोज तिच्या टेबलावर येई. जबडा फाटलेले मासे तर खाता न आल्यामुळे पाण्यातच खंगून मरतात, असं ती सांगायची. मी पेपर वाचत राहायचो. अकरा वर्षांपूर्वी तिने एक गळ माझ्यासमोर ठेवला. दांड्यावर माझी तीन खाचांची खूण होती.

"कासवाच्या घशातून काढलाय, बाबा. भोवती मांस वाढलं होतं. उपाशी मेलं ते."

मी गळ उजेडात धरला आणि म्हणालो, "बघ, अजून कसा लखलखतोय!"

ती उठून गेली, ती परत आलीच नाही. मी अगदी कौतुकाने बोललो होतो, त्याचीच लाज वाटते. पुढच्याच वर्षी गळ माझ्या तळहातात घुसला. डॉक्टरांनी भूल दिली, टोक पुढून बाहेर काढलं, दात छाटला, मग गळ मागे ओढला. तरी मी दवाखाना डोक्यावर घेतला. कासवाला भूल कोणी दिली होती? हे कळूनही मी तिला फोन केला नाही. ताठा, दुसरं काय!

४. दर रविवारी गळ घ्यायला येऊन 'माशाला काही कळत नाही हो' असं मला समजावणाऱ्या निवृत्त मास्तरांना दाताचा एक गळ द्यावा. तो त्यांनी आधी स्वतःच्या ओठाला लावावा, मग पुढचं बोलावं.

५. मुलीला या मृत्युपत्राने काहीही देत नाही. रागाने नव्हे. गळाच्या पैशातली पैही नको, असं तिने तेव्हाच कळवलं होतं. शिवाय वकील म्हणतात, ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये. मला ती साक्षीदार म्हणून हवी आहे. तिने कलम तीन वाचावं आणि मी सही करताना समोर असावं, एवढंच मागणं आहे. वकिलांकरवी निरोप पाठवला आहे. ती आली नाही तर शेजाऱ्यांची सही घ्यावी आणि तिला कोणी बोल लावू नये. चूक माझी होती, बाळ.

ठिकाण: कारखान्यावरची खोली
दिनांक: नऊ मार्च, सकाळी अकरा
लिहून ठेवणार: गळवाले काका (सही)

साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर (सही)

साक्षीदार दुसरे: मुलगी (सही)
कलम तीन वाचलं. बाबांनी माझ्यासमोर सही केली. सही होईपर्यंत कागद मी धरला होता.