डोक्यात चढलेलं ऊन

लातूर,
मे २००५

प्रिय मृत्युंजयदादा,

तुझं पत्र पोचलं. तू परत नांदेडच्या भरती अकॅडमीत गेलास हे वाचून मी आधी चिडले आणि मग क्लासमध्ये पोरांवर राग काढला. पुढच्या महिन्यात पोलीस भरती आहे, पाच किलोमीटर पळायचंय, आता मी ठणठणीत आहे, असं लिहितोस. तू ठणठणीत असलास की माझ्या लग्नावरून एखादा तरी टोमणा मारतोसच. या पत्रात एकही नव्हता.

इथं सगळं शहर बारावीच्या मागे लागलंय. आमच्या गल्लीत घरं कमी आणि क्लासच्या पाट्या जास्त. बी.एस्सी. करता करता मी तिथं जीवशास्त्र शिकवते, हे तुला ठाऊकच आहे. परवा मेंदूचा धडा होता. प्राण्याच्या रक्तात निळा रंग टोचला तर सगळं अंग निळं होतं, मेंदू तेवढा पांढरा राहतो, असं सांगितलं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात, रक्तातलं वाटेल ते आत येऊ देत नाहीत. पोरांनी भराभरा लिहून घेतलं. मी मात्र खडू ठेवून तास तिथंच संपवला.

कारण हेच उदाहरण देऊन नांदेडच्या डॉक्टरांनी मला तुझं दुखणं समजावलं होतं. उंदरांना उकाड्यात ठेवलं, दमवलं, की त्यांच्यात सिरोटोनिन नावाचं रसायन वाढतं, त्या भिंती सैल पडतात आणि तोच रंग मेंदूत उतरतो. पाणी झिरपतं, मेंदू सुजतो. माणसाचा मेंदू उघडून कुणी बघत नाही, पण तुमच्या भावाचं असंच काहीसं झालं असावं, असं ते म्हणाले. वजन उतरावं म्हणून अकॅडमीतल्या तुमच्या सरांनी तुला एप्रिलच्या भर दुपारी स्वेटर घालून पळवलं, पाणीही बेतानंच दिलं. तू पडलास तेव्हा अंग तव्यासारखं तापलं होतं म्हणे. पुन्हा असं झालं तर हा शुद्धीवर येईलच असं सांगता येत नाही, हे डॉक्टरांचे शब्द. मी अप्पांना सगळं सांगितलं. अप्पा कधी नव्हे ते पूजा अर्धी टाकून उठले.

तुला दवाखान्यातले ते दिवस आठवत नाहीत, म्हणून सांगते. त्र्याण्णवच्या भूकंपात आई गेली आणि दहा वर्षांचा असताना तू हातांनी माती उपसून आठ वर्षांच्या मला बाहेर काढलंस, यावर आपण घरात कधी बोललोच नाही. दवाखान्यात तुला वीस वर्षांची मी दिसतच नव्हते. माझं मनगट घट्ट धरून तू एकच म्हणत होतास, "हलू नको सृष्टे, माती पडंल." मी हलले नाही रे. तुझी पकड सुटेपर्यंत तशीच बसून रडत राहिले.

नोकरीत राखीव जागा देणाऱ्या भूकंपग्रस्ताच्या दाखल्यावर घरातल्या एकाचंच नाव लागतं. अप्पांनी तुझं दिलं, आणि आईच्या जिवाच्या बदल्यात मिळालेली जागा वाया जाऊ द्यायची नाही, असं तू मनाशी धरून बसलास. तू म्हणाला नाहीस तरी मला कळतं. मी तहसीलमध्ये विचारून आले. तुझी संमती असेल तर नाव बदलून माझं लावता येतं, असं तिथल्या बाबूंनी सांगितलं. सोबतच्या कागदावर अप्पांची सही झालीय, खालची जागा तुझी आहे. मुलींना तीनच किलोमीटर असतं. मी पळायला लागलेय, ऊन चढायच्या आत, पाणी पिऊन. दम लागतो, शेजारपाजारचे हसतात, हसू देत. नोकरी लागली तर लागली, नाही लागली तरी आपलं काही अडत नाही. आई गेलीच आहे दादा, तिच्यापायी तू जायचं नाहीस. सही कर आणि घरी ये.

तुझीच,
सृष्टी