गायक अज्ञात

१२ सप्टेंबर
शाळेच्या ऑफिसातून येऊन चपला काढतच होती तर रितूचा फोन. हिंदी मुलखात वाढलेली पोरगी, संगीताचं एम.ए. करून राहिली बाहेरगावी. एरवी फोन येते तो हे पाठव, ते पाठव म्हणायलेच. आज म्हणे, "मम्मी, पहले बैठ जाओ. हमारे कोर्स की लिसनिंग में नाना हैं."

डोक्यातच नाई शिरलं. लोकसंगीताच्या पेपरसाठी विद्यापीठाच्या लायब्ररीनं ऐकायच्या रेकॉर्डिंग ऑनलाइन टाकल्या हायेत. त्यात एक दंडारीतली, म्हणजे आमच्या गावाकडच्या लोकनाटकातली, गवळण. तिसरं कडवं संपलं की एक बाई बोलते, "पुरे करा जी आता, ड्युटीवर जायचं नाई का? रेखे, डबा आन."

रेखा म्हणजे मी. बाई म्हणजे आई. अन् गाणारे नाना म्हणजे माझे बाबा.

आई गेली त्याले किती वर्षं झाली. बाबाईच्या घशाचं ऑपरेशन झालं, आवाज कायमचा गेला. घरात दोघांच्या आवाजाचा एक तुकडा नाई. माझ्या लग्नाची कॅसेट हाय, तर त्या शहाण्या व्हिडिओवाल्यानं सगळ्यावर सिनेमाची गाणी चढवून ठेवली.

विचारलं, बाबाईचं नाव लिवलं का बरोबर? रितूनं परत एकदा पाह्यलं. मग म्हणे, "गायक अज्ञात लिखा है."

वा! मस्त!

१३ सप्टें.
ती गवळण भरून न्यायले आलेली टेपवाली मॅडम आठवून राहिली सकाळपासून. सेक्टर 2 चं जुनं क्वार्टर. बाई पलंगावर टेप मांडून बसली, आवाज येते म्हणून पंखा बंद करायले लावला, आम्ही सगळे घामाघूम. आईच्या हातची भजी मागून मागून खाल्ली. कॅसेट पाठवते म्हणून गेली ते गेलीच. आई येताजाता पोस्टमनले विचारे. भजी आठवत असतील बाईले, नाव तेवढं नाई आठवलं.

संध्याकाळी बाबाईले सांगितलं. बाबा स्टील प्लांटात क्रेनवर होते. जन्मभर वर केबिनमधी बसून खालच्या माणसाचे हातवारे वाचले. आवाज गेल्यापासून घरात तेच हातवारे. बोट वर करून फिरवलं की उचल. खाली करून फिरवलं की उतरव, म्हणजे विषय संपला. दोन्ही हात पोटाशी बांधले की जे जिथं हाय तिथंच थांबव, लोड हवेत लटकून राहिला तरी चालन.

आज बोट वर. किती वेळ फिरवतच होते. होय बाबा, कळलं.

१९ सप्टें.
तोंड लपवावं असा दिवस.

मीच शहाणी. रितूनं लिंक पाठवली, पासवर्ड पाठवला, तशी मी अख्ख्या भजन मंडळाले आवतण दिलं. आमच्यात काही एकट्यानं ऐकायची रीतच नाई. सगळे इस्त्रीचे शर्ट घालून आले. बाबाईसंगं दंडारीत ठेका धरणाऱ्या मेश्राम काकाईनं ढोलक आणली, म्हणे, "गड्याच्या आवाजासंगं मी ठेका धरतो, पाह्यजो." बाबाईनं दाढी करून घेतली होती.

यादी उघडली. "गायक अज्ञात" सगळ्याईनं वाचलं. बटन दाबलं तर, ही रेकॉर्डिंग विद्यापीठाच्या परिसराबाहेर ऐकता येणार नाही.

"परत दाब ना बाई." दाबलं. बाहेर पडून पासवर्ड टाकला, चुकला. परत टाकला, परत चुकला. मग खातंच बंद पडलं.

बाबाईचं बोट खाली. उतरव.

लोकं पोहे खाऊन गेले. ढोलकीची खोळसुद्धा निघाली नाई. वरून रितू फोनवर भडकली. "किसने बोला था पूरी मंडली बुलाने को? मेरा एग्जाम है, अब मैं क्या सुनूँ?" तिचं बरोबर हाय. तरी राग आला. तिले म्हटलं, तुझा एग्जाम हाय, माझी आई हाय.

२४ सप्टें.
लायब्ररीले मेल केला होता. उत्तर आलं. रेकॉर्डिंग फक्त त्या कोर्सच्या विद्यार्थ्यांसाठी. परीक्षा झाली की पान बंद. गायकाच्या कुटुंबीयांसाठी तशी तरतूद नाही. नावात दुरुस्ती हवी असल्यास पुरावा जोडावा.

पुरावा! भज्याची पावती जोडू का?

हे म्हणतात, सोड ना आता, डोकं कायले खराब करून घेतं? यांच्या आईचा आवाज असता तर मी पाह्यलं असतं.

२७ सप्टें.
रितूचं खातं चालू झालं. तिले म्हटलं, लायब्ररीत बसून दुसऱ्या फोनमधी भरून घे ना. नाही म्हणे. तिथं हेडफोनवरच ऐकावं लागते, कॅमेरे हायेत, सापडली तर परीक्षेले बसू देणार नाई. आपल्याच आईचा आवाज चोरायचा, अन् तोही चोरता येत नाई.

बाबा ऐकत होते बाजूले. उठून पेटीतून स्वेटर काढला, पिशवीत टाकला. मग बोट वर, म्हणजे चला, तिथंच जाऊ.

डॉक्टर प्रवास करू नका म्हणते. बाबाईले सांगून पाह्यलं. पिशवी काही खाली ठेवली नाई.

४ ऑक्टोबर
सिविक सेंटरच्या बाजारात जाऊन बाबाईले नवा मफलर घेतला, गळ्याचं भोक झाकायले. तिकीट झालं. हे येत नाईत, ड्युटी. मेश्राम काका दारापर्यंत आले, म्हणे, "ऐकून आली की मले सांगजो, गडी कसा गायला होता ते." त्या रेकॉर्डिंगमधी ज्यानं ठेका धरला होता तोच विचारून राहिला.

९ ऑक्टो., लायब्ररी
इथंच बसून लिहून राहिली.

काउंटरवरच्या माणसाले रितूनं सांगितलं, यही गायक हैं. त्यानं कॉम्प्युटरमधी पाह्यलं. "इसमें तो अज्ञात लिखा है. कोई प्रूफ?" मग हसून, तसा वाईट मनानं नाई म्हणे, "चलिए बाबूजी, दो लाइन गा दीजिए, अभी मिला लेते हैं."

रितू काही बोलणार होती. बाबाईनं तिले हातानं थांबवलं. नवा मफलर स्वतःच्या हातानं सोडला अन् त्याच्यासमोर उभे राहिले, गळा उघडा ठेवून.

माणूस खाली पाहू लागला. कानापर्यंत लाल झाला. मले बरं वाटलं. खोटं कायले लिहू, लय बरं वाटलं.

माफी नाई मागितली. खुर्ची मात्र स्वतः आणली. म्हणे, "नियम नहीं है, पर एक बार सुन लीजिए. सिर्फ़ एक जन." हेडफोन एकच. बाबा माझ्याकडे करून राहिले. मी घेतला नाई. त्याईच्या डोक्यावर चढवला, कानावर नीट बसवला.

समोर मी, बाजूले रितू. मले काहीच ऐकू येत नव्हतं. नुसतं बाबाईकडे पाहत होती. पहिल्यांदा चेहऱ्यावर काहीच नाई. मग टेबलावर बोटं चालली. मग ओठ. आवाज नाई, पण ओठ बरोबर चालले, शब्दावर शब्द. मेश्राम काकाले सांगीन, तुमचा गडी आजही ठेका चुकला नाई.

अन् एकदम दोन्ही हात पोटाशी बांधले.

मी ओरडलीच, "थांबवा!" माणूस घाबरला, पटकन बंद केलं. "तबीयत ठीक है ना?"

रितूनं पडद्याकडे पाह्यलं. हळूच म्हणे, "मम्मी, तीसरा कडवा अभी खतम हुआ. अब नानी बोलने वाली थी."

पुरे करा जी आता, ड्युटीवर जायचं नाई का.

त्याच्यापुढं रेकॉर्डिंगमधी काही नाई. तिथंच संपते, रितू म्हणाली होती.

मी बाबाईच्या गुडघ्यावर हात ठेवला. डोळे मिटलेले, हेडफोन कानावर. हात सुटत नाईत. माझ्याच्यानं सोडवले जात नाईत.

माणूस परत येऊन उभा. लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली म्हणे. "आगे चलाऊँ, मैडम?"

त्याले म्हटलं, थांबा जी जरा. लोड हवेत हाय.