बदली घर चालत नाही

प्रिय नमुन्या,

या नावाने तुला हाक मारून किती वर्षं झाली गं! नमुना म्हणजे काय, असं सरांनी समाजशास्त्राच्या वर्गात विचारलं होतं, आणि तू उभी राहून सांगितलंस की घरी आई तुलाच तसं म्हणते. सरसुद्धा हसले होते. आता गंमत ऐक, या वेळी नमुन्यात मी निघाले. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसांची पाहणी चालली आहे, त्यात आमच्या इमारतीतून चिठ्ठी माझ्याच दाराची निघाली. मंगळवारी एक मुलगी टॅब घेऊन आली. तिच्या एका प्रश्नाला मी असं उत्तर दिलं आहे, की तुला कळवल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मुलगी गोड होती. आपण बसायचो तशीच खुर्चीच्या कडेवर बसली. तिने विचारलं, आपली वैवाहिक स्थिती काय, आणि मला हसूच फुटलं. बिचारी गोंधळली. तुला ती शिंपिणबाई आठवते? कॉन्व्हेंटमधल्या प्रार्थनेसारखी मी सगळी प्रश्नावली पाठ केली होती आणि हात जोडून तिला हेच विचारलं होतं. ती म्हणाली होती, स्थिती तशी बरी आहे हो, पण घोरतात फार. तू भिंतीकडे तोंड करून हसत होतीस. त्या दिवसापासून मी तुझी ‘सिस्टर’ झाले. पुढच्या दारी तू नुसतं विचारलंस, घरी कोण कोण असतं, आणि त्या बाईने सासूपासून मांजरापर्यंत सगळं सांगून टाकलं. या मुलीला मी ‘विधवा’ एवढंच सांगितलं. घोरणं थांबल्यापासून मला झोप लागत नाही, यासाठी तिच्या टॅबवर पर्याय नव्हता.

माझे दिवस बरे जातात. मुलगा रविवारी फोनच्या पडद्यावर दिसतो, जेवलीस का विचारतो. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून समोरचं घर दिसतं. भांडी कोणी घासायची यावर तिथे रोज नवरा-बायकोची जुंपते. सहभागी निरीक्षण शिकलो होतो ना आपण? माझं निरीक्षण अजून चोख आहे, सहभाग तेवढा राहून गेला. परवा त्या घरातल्या सूनबाईने मला बघून हात हलवला, तर मी पडद्याआड झाले. वेडीच मी.

तुझं-माझं भांडण झालं असतं तर किती बरं होतं, निदान मिटवता आलं असतं. तू लेकीकडे राहायला गेलीस. आधी पत्रं होती, मग फोन, मग सकाळची फुलांची चित्रं, मग तीही थांबली. कोणाचंच चुकलं नाही.

तर तो प्रश्न. अचानक तब्येत बिघडली तर सगळ्यात आधी कोणाला बोलवाल? उत्तर सुचवायचं नाही, गप्प थांबायचं, हे आपण शिकलो होतो. तीही शिकली होती. थांबली. मुलाला यायचं तर विमान पकडावं लागतं. खालच्या मजल्यावरच्या वहिनी चांगल्या आहेत, त्यांचं नाव सहज देता आलं असतं. मी तुझं दिलं. नातं विचारलं, तर मैत्रीण म्हटलं. शेवटचं बोलणं कधी झालं विचारलं, तर बाई, मी धडधडीत खोटं सांगितलं, याच महिन्यात. तिने ते टिपलं आणि म्हणाली, पडताळणीसाठी महिनाअखेरीला पुन्हा येईन. चिठ्ठीत निघालेलं घर बंद दिसलं म्हणून शेजारचं घ्यायचं नाही, बदली घर चालत नाही, पुन्हा जाऊन दार वाजवायचं, असं सर बजावायचे. म्हणून मी तुझं दार वाजवते आहे. माझा नंबर जुनाच आहे. महिना संपायच्या आत आतून नुसती ओ दे.

तुझीच,
सिस्टर