अंधारातली तूर

भाऊ,

तर मीच बह्याड अन् तू तेवढा शाहना. काल फोनवर हेच म्हनून तू कट केला, म्हनून राह्यलेलं लिहून राह्यलो. तुले, वहिनीले राम राम, अंजूले आशीर्वाद. बैलाच्या खांद्याची जखम कशी हाये ते कळव. मी खुशाल (म्हनजे नोकरी हाये).

तू म्हनतो, पाय मोडल्यापासून याडी, आपली माय, मागच्या बिनखिडकीच्या खोलीत, तुरीच्या पोत्याइशेजारी सुखात हाये. अंजूले पाहाले पाव्हने येतात, समोर खाट बरी दिसत नाई. दोन टाइम खाते, हसते, अजून काय पाह्यजे?

आता इकडचं ऐक. हैदराबादजवळच्या या बियान्याच्या कंपनीत मी तुरीच्या कुंड्या सांभाळतो. आपन जन्मभर तूर पेरली, पन ती जेवते कवा हे कोनी पुसलं नाई. आपल्या यवतमाळच्या शुभदा मॅडम सांगतात का पान दिवसा उनात स्टार्च बनवते (तू धोतराले कांजी करते, तसंच पीठ), अन् रातच्याले तेच मोडून, त्याची साखर करून खाते. पान उकळून, स्पिरिटमधी धुवून आयोडीन टाकलं का पीठ असलेलं पान काळं पडते. माह्यं काम, अर्ध्या कुंड्या काळ्या कापडाखाली झाकून ठेवाचं.

दुसऱ्या दिवशी पाह्यलं तर झाडं हिरवीगार. मी म्हनलं, मजेत हायेत.

मॅडम म्हनल्या, "लखन, साठवलेलं केव्हाच संपलंय. आता ते झाड स्वतःलाच खातंय. हिरवं दिसतंय म्हणून फसू नकोस."

मले जेवन गेलं नाई. दुपारी कोनी नाई पाहून कापडं काढली, झाडाइले पोटभर ऊन दाखवलं, सांजच्याले परत झाकलं. मॅडमनं लगेच पानं तपासली, तं अंधारातली पानं काळीभोर. मी सांगतलं, कापड वाऱ्यानं उडालं. (काचेच्या बंद घरात वारा कुठून, हे बोलल्यावर ध्यानात आलं.) पानानंच चुगली केली. पगार कापला.

तुहा,
लखन

ता.क. याडी तं दुखनं लपवाले हसते, हे तुले मालूम हाये. अन् ती खाते म्हनतो, पन तिचं ताट भरलंच परत येते अन् कुत्र्यापुढं जाते, हे अंजूनं सांगतलं. अंजूले रागावू नको.

पुन्हा ता.क. सकाळचं ऊन पडते त्या भिंतीले खिडकी काढ. आपला उकंडा गवंडी घरचाच मानूस हाये, तो नाई म्हननार नाई. पाव्हने पाह्यतील तं पाहू दे. पगार कापून जे हातात आलं, त्यातले पाठवून राह्यलो: अठराशे रुपये.